नव्वद हजारांचं तिकीट की सव्वा लाखाचं?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की परदेशी विमानप्रवासाबद्दल काय विचारायचं ते विचारा, आणि त्याचा परिणाम असा की या महिन्यात लोणच्याचा, भिशीचा, सासूसुनेचा एकही प्रश्न नाही, नुसती विमानंच विमानं. बरं झालं म्हणा. नागपूरच्या सीताबर्डीवर 22 वर्षं मी लोकांना विमानाची तिकिटं काढून दिली, लाल कार्बनवाली कागदी तिकिटं होती तेव्हापासून (ती 2008 मध्ये बंद झाली, बोटं मात्र अजून लालच वाटतात), त्यामुळे या विषयात मला बोलायला नुसतं निमित्त हवं असतं. जे प्रश्न सारखेसारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : मी 68, मिसेस 64, राहणार मनीष नगर. मुलगा शिकागोला आहे, मे महिन्यात जायचं ठरून राहिलं. तीन पर्याय निघाले. पहिला नागपूर-दोहा-शिकागो, एकच तिकीट, माणशी 1 लाख 22 हजार. दुसरा, नागपूर-दिल्ली वेगळं तिकीट आणि दिल्लीहून थेट शिकागो, सगळं मिळून 1 लाख 8 हजार. तिसरा मुलाने कुठल्याशा साइटवर शोधला, मुंबईहून युरोपात, तिथे नऊ तास थांबून दुसऱ्याच कंपनीचं विमान, 91 हजार. मुलगा म्हणतो तिसरं घ्या, मिसेस म्हणते थेटवालं घ्या, मी मधल्या मधे. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, बीपीची गोळी चालू आहे.

उत्तर : काका, तिसरा पर्याय आधी कापून टाका, मुलाला राग आला तर माझं नाव सांगा.

त्या 91 हजारांत दोन वेगळी तिकिटं चिकटवलेली आहेत. साइटवर ते एकाच रांगेत छान दिसतं, पण पहिल्या कंपनीला दुसऱ्या कंपनीशी काही देणंघेणं नसतं. युरोपात उतरलात की बॅगा पट्ट्यावरून घ्यायच्या, इमिग्रेशनमधून बाहेर यायचं, पुन्हा वर जाऊन दुसऱ्या काउंटरवर लाइन लावायची, आणि बाहेर यायला शेंगेन व्हिसा लागतो, तो तुमच्याकडे नाही. म्हणजे नागपूरच्या... चुकले, मुंबईच्या काउंटरवरच तुम्हाला चढू देणार नाहीत. मुलगा तिकडे राहतो म्हणून त्याला हे सुचत नाही, त्याला फक्त आकडा दिसतो.

वेगळ्या तिकिटांचा मला स्वतःला एकदा जबरदस्त चटका बसलाय, आणि तेव्हा मी याच धंद्यात होते, म्हणजे बघा. सासूबाईंना घेऊन लंडनला निघाले होते, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, नागपूर-दिल्ली वेगळं काढलं कारण त्यात चार हजार वाचत होते. दिल्लीला धुकं. आमचं विमान इथे नागपूरला सोनेगावलाच पाच तास उभं. दिल्लीत पोचलो तेव्हा लंडनवालं निघून गेलेलं. रात्रीचे पावणेतीन, सासूबाई ट्रॉलीवरच्या बॅगेवर बसलेल्या, मांडीवर पोळ्यांचा डबा, आणि काउंटरवरचा पोट्टा अतिशय नम्रपणे मला सांगतोय की मॅडम, तुमचं नागपूरचं विमान आमचं नव्हतं ना. खरंच नव्हतं. त्याची काही चूक नव्हती. नवीन तिकिटाला जे पैसे गेले त्यात तेव्हा एक स्कूटी आली असती, आणि सासूबाई पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात तो किस्सा सांगत होत्या.

आता तुमचा दुसरा पर्याय. थेट विमान म्हणजे कमी चढउतार, काकूंचं म्हणणं चुकीचं नाही. पण दोन गोष्टी बघा. 24 एप्रिल 2025 पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद झाली, त्यामुळे दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या विमानांना वळसा पडायला लागला, वेळ वाढला, सुरुवातीला काही विमानांना तर मधे व्हिएन्नाला उतरून इंधन भरावं लागलं. म्हणजे थेट म्हणून घेतलेलं तिकीट दरवेळी थेट निघेलच असं नाही, बुक करायच्या दिवशी एकूण तास किती दाखवून राहिले ते बघा. आणि तुमच्या गुडघ्याला सलग पंधरा-सोळा तास एका जागी बसणं हा आराम आहे का, हे डॉक्टरांना विचारा, मला नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी, आणि ही कुणी सांगत नाही. बॅगांचं वजन. अमेरिकेच्या तिकिटावर साधारणपणे माणशी 23 किलोच्या दोन बॅगा चालतात, म्हणजे 46 किलो. नागपूर-दिल्लीच्या वेगळ्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी 15 किलो. राहिले माणशी 31, दोघांचे 62 किलो जास्तीचे. किलोला पाचशे जरी धरले तरी 31 हजार झाले. आधी ऑनलाइन घेतलं तर थोडं कमी पडेल, पण पहिल्या आणि दुसऱ्या पर्यायात तुमचा फरकच दोघांचा मिळून 28 हजारांचा आहे! जिथे पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असतो तिथे बहुतेक वेळा अमेरिकेचं वजनच नागपूरपासून लागू होतं. आणि तुम्ही रिकाम्या हाताने तर जाणार नाही, काकूंनी गोडा मसाला, सांडगे, कुरड्या आत्तापासूनच काढून ठेवल्या असतील.

म्हणून माझं मत पहिला पर्याय. दोह्याची ती सेवा आपल्याकडून कधी चालू असते कधी नसते, वेळापत्रक बदलत राहतं, ते आधी बघून घ्या. दोह्यापर्यंत चार-साडेचार तास, मग उठून चालणं, पाय मोकळे, मग पुढचा पंधरा तासांचा लांब टप्पा. मधला थांबा तासाभराचा असेल तर घेऊ नका, दोन-तीन तास तरी हवेत, व्हीलचेअर यायलाच वीस मिनिटं जातात. फायदा असा की अमेरिकेत तुम्ही पहिल्यांदा उतरता तेच शिकागो. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन होतं आणि बॅगा तिथेच हातात घ्याव्या लागतात, पुढे दुसरं विमान असलं तरी. न्यूयॉर्कला उतरून पुढे शिकागो असं असतं तर या वयात बॅगा ओढत टर्मिनल बदलणं आलं. इथे मात्र दाराबाहेर मुलगा उभा.

आखातात गडबड झाली तर काय, असं काकू विचारतीलच. रास्त आहे. 23 जून 2025 ला कतारने अचानक आपली हवाई हद्द बंद केली होती, कितीतरी विमानं वाटेतून दुसरीकडे वळवावी लागली, लोक तासन् तास अडकले. पण एक तिकीट असलं की तुम्हाला शिकागोला पोचवणं हे कंपनीच्या गळ्यात असतं. ज्यांच्याकडे दोन वेगळी तिकिटं होती त्यांना पुढच्या विमानाचं स्वतःच बघावं लागलं. सुरक्षितता सुरक्षितता आपण म्हणतो ती मला तरी निम्मी यातच दिसते.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा, विमानतळावर जाऊन नाही. पैसे लागत नाहीत, लाजायचं तर अजिबात नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तुमचं. दोघांनाही आईलची, म्हणजे मधल्या वाटेकडची सीट, समोरासमोर किंवा एकामागे एक. चार तासांपेक्षा जास्त बसून राहिलं की पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अभ्यासात निघालं होतं, मुळात तो धोका लहान आहे पण तुमचं वय आणि ऑपरेशन दोन्ही आहे, तर घट्ट मोज्यांचं डॉक्टरांना विचारून घ्या आणि दर दीड-दोन तासांनी एक चक्कर मारा. बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. बॅगेत नाही. बॅग तीन दिवस उशिरा आली तर गोळी कुठून आणाल, तिकडे चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

दोहा चालू नसेल तर दुसरा पर्याय, पण नागपूर-दिल्ली-शिकागो एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरावर काढायचं. दोन-चार हजार जास्त गेले तर जाऊ द्या. आणि मे महिन्यात दिल्लीला धुकं नसलं तरी आंधी असते, संध्याकाळची वेळ टाळा.

प्रश्न : ताई, अहमदाबादचा विमान अपघात झाला तेव्हापासून माझी झोपच उडाली आहे. मुलीकडे सिडनीला जायचं आहे, मिस्टर म्हणतात तिकीट काढून टाकतो, मी काढू देत नाही. कोणती कंपनी सेफ आहे ते सांगाल का? बोइंग नको असं सगळे म्हणून राहिले. आणि दोनच इंजिन असलेलं विमान समुद्रावर इतका वेळ जातं ते कसं? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : 12 जून 2025 नंतर मलाही आठवडाभर नीट झोप नव्हती, त्यामुळे घाबरू नका असं मी म्हणणार नाही. 260 माणसं गेली, त्यातली 19 तर खाली जमिनीवरची. असं झाल्यावर मन हिशोब करत नाही.

तरी हिशोब मी करते, कारण तुम्ही विचारलंय. सेफ्टीचं असं आहे की तांदूळ निवडायला बसलं की आधी खडे काढायचे, मग एचएमटी शिजवायचा की चिन्नोर ते ठरवायचं. खडे आणि तांदूळ एकाच तागडीत घालून तोलायचे नसतात. म्हणजे पाच हजार स्वस्त आहे म्हणून थोडी कमी सेफ चालेल, असा सौदा होत नाही. आधी चाळायचं. चाळायला दोन गोष्टी पुरतात. आयाटा म्हणजे विमान कंपन्यांची जागतिक संघटना, तिचं एक ऑडिट आहे, आयोसा म्हणतात, 2003 पासून चालू आहे, कंपनीचं प्रशिक्षण, देखभाल, कामकाजाच्या पद्धती सगळं तपासतात आणि पास झालेल्यांची यादी इंटरनेटवर कुणालाही बघता येते. आणि युरोपियन युनियन 2006 पासून एक बंदी यादी काढतं, ज्या कंपन्यांना किंवा ज्या देशांच्या सगळ्याच कंपन्यांना ते आपल्या आकाशात येऊ देत नाहीत. पहिल्या यादीत आहे, दुसऱ्या यादीत नाही, झालं, ती कंपनी चाळणीत पास. त्यानंतर या मोठ्या कंपनीपेक्षा ती मोठी कंपनी किती टक्के जास्त सेफ, हे स्टार देणाऱ्या वेबसाइट सांगतात पण मी त्यांच्या स्टारवर पाच पैसेही जास्त देणार नाही.

एक फसगत मात्र लक्षात ठेवा. तिकीट एका कंपनीच्या नावाचं आणि विमान दुसऱ्याच कंपनीचं, याला कोडशेअर म्हणतात. तिकिटावर बारीक अक्षरात 'ऑपरेटेड बाय' लिहिलेलं असतं. चाळणी लावायची ती त्या नावाला.

बोइंग की एअरबस यावर घरात भांडू नका. कंपनी ऐनवेळी विमान बदलू शकते, तुम्ही बुक केलं एक आणि गेटवर उभं दुसरंच. जुनं विमान म्हणजे वाईट हेही खरं नाही. आपल्या नागपूरच्या मिहानमध्येच बघा ना, मोठ्या विमानांचा दुरुस्ती-देखभालीचा कारखाना आहे, बोइंगने बांधून दिलेला, तिथे सी चेकसारख्या मोठ्या तपासणीसाठी विमान येतं आणि अख्खं उघडतात, सीटा काढतात, फरशा काढतात, आतला सांगाडा बघतात. साधारण दीड-दोन वर्षांतून एकदा सी चेक, आणि सहा ते दहा वर्षांतून त्याहून मोठा. माझ्या स्कूटीची शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली ते मला आठवत नाही.

दोन इंजिनांचं. समुद्रावरून जाणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानाला एक परवानगी लागते, की एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्या एकट्यावर किती मिनिटांत ते जवळच्या विमानतळावर पोचलं पाहिजे. बोइंग 787 ला 330 मिनिटांपर्यंतची मान्यता आहे, एअरबस ए350 ला 370. म्हणजे एका इंजिनावर साडेपाच-सहा तास उडू शकतं हे गृहीत धरूनच त्याला सोडतात. मार्गही तसाच आखलेला असतो, समुद्रातल्या बेटांवरचे विमानतळ मोजून.

आणि एक, हे भीती घालवायला नाही तर खरंच महत्त्वाचं म्हणून सांगते. विमानवाहतुकीत प्रत्येक अपघातातून काहीतरी बदललंय. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळली, 349 माणसं गेली, तेव्हा मी नुकती कामाला लागले होते आणि ऑफिसात दिवसभर कुणी कुणाशी बोललं नाही. त्यानंतर टक्कर टाळणारी यंत्रणा आपल्या आकाशात येणाऱ्या विमानांना सक्तीची झाली. आज तुमच्या सिडनीच्या विमानात ती आहे.

तुमच्या हातात काय आहे तेही ऐका. 21 मे 2024 ला लंडनहून सिंगापूरला जाणारं विमान जोरदार टर्ब्युलन्समध्ये, म्हणजे हवेतल्या हेलकाव्यांत सापडलं, एक प्रवासी गेला, कितीतरी जण छताला आदळले, आणि ज्यांचा पट्टा लावलेला नव्हता त्यांना जास्त मार बसला. पट्ट्याचा दिवा बंद असला तरी बसल्याबसल्या पट्टा सैलसर लावून ठेवा, ब्लँकेटच्या वरून, म्हणजे झोपल्यावर एअर होस्टेस उठवणार नाही. आणि 2 जानेवारी 2024 ला टोकियोत जपानी कंपनीचं ए350 धावपट्टीवर कोस्ट गार्डच्या विमानाला धडकून पेटलं, त्या लहान विमानातले पाच जण गेले, पण मोठ्या विमानातले 379 च्या 379 बाहेर पडले. लोकांनी बॅगा आत सोडल्या, हे त्याचं एक मोठं कारण. वरच्या कप्प्यातली पर्स, पासपोर्ट, सोनं, काहीही घ्यायला थांबायचं नाही. पासपोर्ट आधीच गळ्यातल्या पाऊचमध्ये ठेवा म्हणजे मोह होणार नाही.

मिस्टरांना तिकीट काढू द्या. सिडनीला जाताना खाण्याचं जे काही न्याल ते कार्डावर लिहून द्या मात्र, तिकडे लपवलं की दंड होतो, संत्री तर न्यायचीच नाहीत.

प्रश्न : नमस्कार मॅडम, व्हीएनआयटीतून बीटेक झालं, आता जर्मनीला एमएससाठी चाललोय, म्युनिक. बजेट टाइट आहे. दोन विमानं बदलणारं 38 हजारांत मिळतंय, युरोपियन कंपनीचं एका थांब्याचं 51 हजार. घरचे म्हणतात स्वस्त घे, तू तरुण आहेस. बरोबर का?

उत्तर : तरुण आहेस हे बरोबर. तुला गुडघे आहेत, तुला कुठेही झोप लागते, एअरपोर्टच्या फरशीवर बॅग डोक्याखाली घेऊन पडशील. आराम म्हणून 13 हजार देऊ नकोस.

पण तू पहिल्यांदाच चाललास आणि सगळं बिऱ्हाड घेऊन चाललास. आधी बघ की 38 हजारात किती किलो आहे. बऱ्याच कंपन्या विद्यार्थ्यांसाठी वेगळं भाडं देतात, त्यात एक बॅग जास्त मिळते आणि तारीख बदलायला सवलत असते, पण ते कंपनीच्या स्वतःच्या साइटवर किंवा एजंटकडे मिळतं, ऑफर लेटर दाखवावं लागतं. ते आधी विचार. कुकर, लॅपटॉप, जॅकेट, आईने दिलेले बेसनाचे लाडू असं सगळं धरलं तर एक बॅग जास्तीची म्हणजे स्वस्त तिकिटाचा निम्मा फायदा गेला.

दुसरं, युरोपियन कायदा 261 म्हणून एक आहे, 2004 चा. साडेतीन हजार किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासात विमान ऐनवेळी रद्द झालं किंवा खूप उशीर झाला आणि चूक कंपनीची असली, तर माणशी 600 युरोपर्यंत भरपाई, शिवाय जेवण आणि हॉटेल. गंमत अशी की भारतातून युरोपला जाताना हा कायदा फक्त युरोपियन कंपनीला लागतो, आखाती किंवा भारतीय कंपनीला नाही. युरोपातून निघताना मात्र सगळ्यांना. पासपोर्ट कुठला आहे याच्याशी संबंध नाही. म्हणजे 51 हजारांच्या तिकिटात हा एक छुपा विमा आहे असं समज. वादळ, संप, हवाई हद्द बंद अशात भरपाई मिळेलच असं नाही पण जेवण आणि राहायची सोय करावीच लागते.

बॅग हरवली तर मॉन्ट्रियल करार आहे, त्याची मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून 1,519 एसडीआर झाली (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), रुपयांत पावणेदोन लाखांच्या आसपास, पण तेवढे सरसकट मिळत नाहीत, काय गेलं ते दाखवावं लागतं. बॅग पट्ट्यावर आली नाही तर विमानतळ सोडायच्या आधी तिथल्याच काउंटरवर रिपोर्ट लिहून घ्यायचा, नंबर घ्यायचा. नंतर मेल करतो म्हणून बाहेर पडलास तर भांडत बसशील. आणि बॅगेचा फोटो काढून ठेव, बंद असताना वरून आणि उघडून आतून.

माझा निकाल विचारशील तर 38 वालं सगळं एकाच पीएनआरवर असेल, दोन्ही थांबे तीन तासांच्या वर असतील आणि वजन पुरत असेल तर घे बिनधास्त. यातलं एक जरी नसेल तर 51. घरच्यांना सांग की 13 हजार वाचले असं वाटतं, पण बॅग जास्तीची घ्यावी लागली तर त्यातले निम्मे तसेच जातात. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेव, खाली जाणाऱ्या बॅगेत चालत नाही.

प्रश्न : माझी उंची सहा फूट दोन इंच. लंडनला नऊ-दहा तास. इकॉनॉमीत जीव जातो. काही उपाय?

उत्तर : उपाय आहे, फुकटचा नाही. एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंतच्या अंतराला पिच म्हणतात, इकॉनॉमीत ते 31-32 इंच असतं, प्रीमियम इकॉनॉमीत 38 च्या आसपास. सहा इंच जास्त म्हणजे काय ते तुमच्या गुडघ्यांना विचारा. तेवढे पैसे नसतील तर विमान बघून बुक करा. बोइंग 777 मध्ये आता बहुतेक कंपन्या तीन-चार-तीन अशी दहा सीटांची रांग लावतात, रुंदी 17 इंचांच्या जवळपास. एअरबस ए350 मध्ये तीन-तीन-तीन, साधारण 18 इंच. एअरबस ए330 दोन-चार-दोन, तीही 18, आणि दोघंच असाल तर त्या दोनच्या जोडीसारखं सुख नाही, तिसरा कुणी नाही उठवायला. 787 आणि ए350 मध्ये केबिनची हवा सहा हजार फुटांच्या उंचीइतकी ठेवतात, जुन्या विमानांत आठ हजारांपर्यंत जाते, शिवाय हवा कमी कोरडी असते, त्यामुळे उतरल्यावर डोकं कमी जड वाटतं. मला तरी वाटतं.

इमर्जन्सी दाराजवळची सीट घेऊन टाका, पाय पसरता येतात, पण तिथे सीटच्या हातातच टेबल असतं म्हणून सीट अर्धा इंच अरुंद असते आणि टॉयलेटची लाइन तुमच्या अंगावर उभी राहते. दोन्ही एकदम मिळत नाही.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. तिकिटावर 'हिंदू मील' टाकलं होतं, ताटात चिकन आलं! तक्रार करायची का? (इतवारी)

उत्तर : करू नका, तुमच्याच तिकिटावर ते लिहिलेलं होतं. विमानाच्या भाषेत हिंदू मील म्हणजे एचएनएमएल, त्यात फक्त गाय आणि डुक्कर नसतं, चिकन-मटण-मासे असू शकतात. भारतीय शाकाहारीचा कोड एव्हीएमएल. जैन असाल तर व्हीजेएमएल, कांदा-लसूण-बटाटा काही नाही. व्हीजीएमएल टाकलं तर दूधदहीही जाईल, ते व्हेगन आहे. बहुतेक ठिकाणी किमान 24 तास आधी सांगावं लागतं. एक फायदा, स्पेशल मीलवाल्यांना सगळ्यांच्या आधी वाढतात, शेजारचा चिकनवाला बघत राहतो. ताट आलं की झाकणावरचं स्टिकर वाचून घ्या, सावजीच्या टेबलावर बसून शाकाहारी मागवताना जेवढं जपून मागवता तेवढंच जपून.

प्रश्न : ताई, 11ए सीट मिळवून द्याल का? भाऊ म्हणतो तीच घे.

उत्तर : अहमदाबादला वाचलेले ते एकटे प्रवासी 11ए वर बसले होते म्हणून. गेल्या वर्षभरात मला हा सातवा फोन. भाऊला सांगा, त्या विमानात 11ए दाराशेजारी होती, दुसऱ्या विमानात ती पंखाच्या पुढे असेल, मागे असेल, बिझनेस क्लासात असेल नाहीतर नसेलच. तुमचं तिकीट ए330 चं आहे, मी काल सीटमॅप उघडून बघितला, तुमच्यात 11ए ला खिडकीच नाही, नुसती भिंत आहे. 23ए दिली आहे, दोनची जोडी, भाऊ शेजारीच.